वाचक विचारतात : वॉर्डातून बाहेर आलेलं एक पुस्तक

मागच्या अंकात मनाच्या आजारांवरच्या लेखात मी क्लिफर्ड बिअर्स या अमेरिकन माणसाचा अगदी दोन ओळींत उल्लेख केला होता, की मेंटल हॉस्पिटलांमध्ये तीन वर्षं काढून बाहेर आल्यावर त्यानं १९०८ साली आपली हकिगत छापली आणि त्यातून एक चळवळ उभी राहिली. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आलीत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. काही पत्रं फार खासगी आहेत, त्यांतली नावं-गावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, हा बिअर्स नेमका कोण? आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात त्याच्यावर एकच ओळ आहे, तीच पाठ करायची आणि परीक्षेत लिहायची. डॉक्टर होता का तो?

डॉक्टर नव्हता. १८७६ साली कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात जन्मलेला, येल विद्यापीठात शिकलेला, १८९७ ला पदवी घेऊन न्यूयॉर्कात नोकरीला लागलेला चारचौघांसारखा मुलगा. शिकत असताना त्याच्या मोठ्या भावाला अचानक झटके यायला लागले, अपस्माराचे म्हणून सांगितलं गेलं, आणि भावाची सेवा करता करता याच्या मनात बसलं की आज ना उद्या आपल्यालाही हेच होणार. ती भीती त्यानं घरात कुणाला सांगितली नाही, वर्षानुवर्षं एकट्यानंच वागवली. शेवटी नोकरी सुटली, घरी आला, आणि २३ जून १९०० ला घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून त्यानं स्वतःला खाली टाकलं. जीव वाचला, पायाची हाडं मोडली. आणि गंमत बघा, जिच्यामुळे हे सगळं झालं ती झटक्यांची भीती त्या क्षणी गेली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. त्याला वाटायला लागलं की आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे, पोलीस आपल्या मागावर आहेत, आजूबाजूची माणसं सगळी डिटेक्टिव्ह आहेत आणि भेटायला येणारे आई-वडील, भाऊ हे खरे नाहीतच, त्यांचं सोंग घेतलेली माणसं आहेत.

तिथून पुढे तीन हॉस्पिटलं. एक खासगी, नफ्यावर चालणारं. दुसरं खासगी पण धर्मादाय. तिसरं सरकारी. म्हणजे पैसेवाल्यांचं, मध्यमवर्गाचं आणि ज्यांना कुणीच नाही त्यांचं, तिन्ही प्रकार त्यानं आतून पाहिले, आणि मला वाटतं त्याच्या पुस्तकाची अर्धी ताकद इथेच आहे. कारण एकाच ठिकाणी मार खाल्लेल्या माणसाला लोक म्हणतात, तुझं नशीब खराब, ते हॉस्पिटलच वाईट होतं. याला तसं म्हणता येत नव्हतं. हात बांधून टाकणारं जॅकेट, ते रागारागानं जास्तच घट्ट आवळणं, थंडीत जवळजवळ विनाकपड्यांचं कोठडीत ठेवणं, जबरदस्तीनं नळीनं खायला घालणं, शिव्या, गुद्दे, हे कमी-जास्त प्रमाणात त्याला फिरून फिरून भेटलं. सप्टेंबर १९०३ मध्ये सुटला. मार्च १९०८ मध्ये पुस्तक आलं, ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’. तुमच्या पुस्तकातली ती एक ओळ बहुतेक यापुढच्या संस्थांबद्दल असेल, ते खाली येतंच आहे.

प्रश्न : मला एक समजत नाही, राग मानू नका. ज्याला सख्खा भाऊ डिटेक्टिव्ह वाटत होता त्याच्या आठवणींवर आपण विश्वास का ठेवायचा? मारहाण झाली हाही भ्रमच नसेल कशावरून?

राग कसला. हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बिअर्सला तो पुरता माहीत होता. त्याचं पुढचं सगळं आयुष्य म्हटलं तर या एका प्रश्नाचं उत्तर देण्यातच गेलं.

आधी तो त्या भ्रमातून बाहेर कसा आला ते सांगते, कारण मी वाचलेल्या मनाच्या आजाराच्या हकिगतींमधली ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात विलक्षण जागा आहे. दोन वर्षं तो जवळपास मुका होता, बोललं तर ते पुरावा म्हणून वापरतील ही धास्ती. पण डोकं थांबलेलं नव्हतं, ते आपल्या पद्धतीनं तपास करतच होतं. दुसऱ्या एका पेशंटशी त्याची थोडी दोस्ती झाली, आणि त्यांच्या बोलण्यातून एक कल्पना निघाली की भावाच्या (झटके येणाऱ्या नव्हे, दुसऱ्या) खऱ्या पत्त्यावर, हॉस्पिटलच्या माणसांच्या हाती न लागता, एक पत्र पाठवायचं. पत्रात लिहायचं, की जो माणूस भाऊ म्हणून मला भेटायला येतो तो तू नाहीस असं मला वाटतं, तू खरा असशील तर येताना हेच पत्र सोबत आण. आता बघा, डिटेक्टिव्हकडे हे पत्र असणारच नाही. पत्र गेलं. ३० ऑगस्ट १९०२ ला भाऊ आला आणि त्यानं खिशातून ते पत्र काढून दाखवलं. झालं. ७९८ दिवस, हा आकडा त्यानंच मोजून दिलाय, ७९८ दिवसांचा संशयाचा डोलारा त्या एका कागदानं कोसळला.

मला यातलं काय भावतं सांगू का, की भ्रमात असलेल्या माणसानंच स्वतः परीक्षा रचली, परीक्षेचा निकाल आपल्या समजुतीच्या विरुद्ध गेला तर तो मानायचा हेही ठरवलं, आणि मानला. शहाण्या म्हणवणाऱ्या किती जणांना जमतं हे? म्हणून ‘तो आजारी होता, म्हणून त्याचं सगळंच खोटं’ हे समीकरण मला मुळातच पटत नाही. आजारी मन म्हणजे सगळीकडून बंद पडलेलं मन नसतं, त्यातला काही भाग चोख काम करत असतो, आणि वॉर्डात कुणी कुणाला लाथ मारली हे दिसायला आणि लक्षात राहायला तेवढा भाग पुरतो.

पण हो, दुसरी बाजूही त्यानं लपवली नाही. त्या पत्रानंतर तो बरा झाला असं नव्हे, तो एकदम दुसऱ्या टोकाला गेला, बोलणं थांबेना, लिहिणं थांबेना, जगातली सगळी हॉस्पिटलं मीच सुधारणार अशा मोठमोठ्या योजना. तपकिरी रॅपिंग पेपरच्या लांबच लांब पट्ट्यांवर तो पत्रं लिहायचा. याच काळात त्यानं ठरवून असं वागायला सुरुवात केली की आपल्याला हिंसक पेशंटच्या वॉर्डात टाकावं, म्हणजे तिथे काय चालतं ते पाहता येईल. पाहिलं, भोगलंही. कनेटिकटच्या गव्हर्नरला चोरून एक लांबलचक पत्रही पाठवलं. आता हे सगळं तेजीतल्या, म्हणजे मॅनिक, अवस्थेत केलेलं आहे हे तो स्वतः पुस्तकात सांगतो. माझी अवस्था अशी होती, मी हे पाहिलं, तुम्ही ठरवा. लपवाछपवी नाही. आणि डॉक्टरांची, हॉस्पिटलांची नावं त्यानं दिली नाहीत, एकेकाचा सूड घ्यायचा नव्हता त्याला. जे अटेंडंट चांगले वागले त्यांच्याबद्दल तो मन भरून लिहितो. सूड घेणाऱ्याचं लिखाण असं नसतं.

एवढं करूनही त्याला ठाऊक होतं की नुसतं माझं कोणी ऐकणार नाही. म्हणून हस्तलिखित त्यानं हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांच्याकडे पाठवलं, त्या काळातले अमेरिकेतले सगळ्यात नावाजलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी जुलै १९०६ मध्ये पत्र लिहून भरभरून कौतुक केलं, उपचारातल्या कमकुवत जागांवर तुम्ही नेमकं बोट ठेवलंय असं कळवलं, आणि तेच पत्र पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं गेलं. अडॉल्फ मायर या मोठ्या मनोविकारतज्ज्ञांनीही वाचलं, दुरुस्त्या सुचवल्या. म्हणजे विश्वास ठेवण्याआधी दोन-दोन बड्या माणसांनी तपासून घेतलेलं लिखाण आहे हे. यात मला एक सल आहे, पण ती पुढच्या उत्तरात.

प्रश्न : पुस्तकामुळे ‘सुधारणा झाली’ असं सगळे लिहितात. म्हणजे नक्की काय झालं? कायदा झाला का? मारहाण थांबली का?

थांबली नाही. हे सरळ सांगितलेलं बरं. अमेरिकेतल्या सरकारी मेंटल हॉस्पिटलांमधली पेशंटसंख्या पुस्तक आल्यानंतर वाढतच गेली, १९५५ साली ती साडेपाच लाखांच्या वर होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कामाला पाठवलेल्या, लढायला नकार दिलेल्या तरुणांनी जे पाहिलं आणि १९४६ मध्ये मासिकातल्या फोटोंसकट जे लोकांसमोर आलं, ते वाचताना बिअर्सचीच पानं पुन्हा वाचतोय असं वाटतं. उघडीनागडी माणसं, गर्दी, मार. ३८ वर्षांनंतर.

मग झालं काय? संस्था झाली. ६ मे १९०८ ला न्यू हेवनमध्ये मोजकी माणसं जमली आणि कनेटिकट सोसायटी फॉर मेंटल हायजीन निघाली, मेंटल हायजीन, म्हणजे मनाचं आरोग्य राखणं, हे नाव मायर यांनी सुचवलेलं. १९ फेब्रुवारी १९०९ ला न्यूयॉर्कमध्ये याच कामासाठी देशपातळीवरची नॅशनल कमिटी निघाली. सुरुवातीची वर्षं बिअर्सनं अक्षरशः कर्ज काढून चालवली, जेम्स यांनी पदरचे १,००० डॉलर दिले, मग हेन्री फिप्स या श्रीमंत दात्यानं ५०,००० डॉलर दिले तेव्हा कुठे कमिटीला नीट काम करता आलं. डॉ. थॉमस सॅमन आले, त्यांनी एकेका राज्यात जाऊन हॉस्पिटलांच्या पाहण्या करायला सुरुवात केली, किती पेशंट, कुठे ठेवलेत, तुरुंगात किती, गरीबखान्यात किती. ऐकायला रुक्ष वाटेल पण असं मोजल्याशिवाय सुधारणा मागायची तरी कशाच्या जोरावर? १९१३ मध्ये न्यू हेवनमध्ये बाह्यरुग्ण क्लिनिक निघालं, म्हणजे ॲडमिट न होता, घरी राहून, नोकरी सांभाळून डॉक्टरकडे जायची सोय. आज आपण ओपीडी म्हणतो ते इतकं साधं वाटतं, पण १९०० च्या आधी बिअर्सला जेव्हा पहिल्यांदा भीती वाटायला लागली तेव्हा तो जाणार कुठे होता? एक तर गप्प बसायचं नाहीतर थेट वॉर्ड, मधलं काही जवळजवळ नव्हतंच. ते मधलं काहीतरी उभं राहिलं हा माझ्या मते या पुस्तकाचा सगळ्यात खरा परिणाम, आणि तो अजून टिकून आहे.

पुढे १९१८ मध्ये या कमिटीनं डॉक्टरांच्या संघटनेबरोबर आजारांच्या वर्गीकरणाचं एक मॅन्युअल काढलं, हॉस्पिटलांना आकडेवारी ठेवता यावी म्हणून. मनाच्या आजारांचं निदान करायला आज जगभर वापरतात त्या डीएसएम या मॅन्युअलची ती पणजी म्हणायला हरकत नाही. मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिकं निघाली. मे १९३० मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, पन्नासच्या आसपास देशांतली माणसं आली होती. आणि १९४६ चा नॅशनल मेंटल हेल्थ ॲक्ट, त्यातून निघालेली एनआयएमएच ही संशोधन संस्था, हे थेट पुस्तकामुळे झालं असं मी म्हणणार नाही, युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या त्रासाचा त्यात मोठा वाटा आहे, पण ज्या लोकांनी त्यासाठी जमीन तयार केली ते बरेचसे या कमिटीच्या वर्तुळातले होते.

आता ती सल. बिअर्सला सुरुवातीला जे हवं होतं ते सरळ होतं, वॉर्डात मार खाणाऱ्याला वाचवा. गुलामगिरीच्या प्रश्नावर एका कादंबरीनं जसा देश हलवला तसं वेड्या म्हटल्या जाणाऱ्या माणसांसाठी एक पुस्तक का लिहिता येऊ नये, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. पण डॉक्टर मंडळी म्हणाली, नुसते आरोप करून चालणार नाही, प्रतिबंधाकडे बघा, लोकशिक्षणाकडे बघा. ते चुकीचं होतं असं नाही. पण त्या वळणावर वॉर्डातला माणूस मागे पडला. कमिटीत डॉक्टर होते, प्राध्यापक होते, दाते होते, पेशंट म्हणाल तर एकटा बिअर्स. बाकी पेशंटना खुर्ची मिळाली नाही, त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि बिअर्सनंही विचारलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. ज्याला स्वतःचं म्हणणं ऐकलं जावं म्हणून बड्या माणसाचं पत्र जोडावं लागलं, त्यानं ज्यांच्याकडे असं पत्र नव्हतं त्यांच्यासाठी दार उघडायला हवं होतं. ते दार उघडायला पुढची पिढी यावी लागली. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हॉस्पिटलातून सुटलेल्या पेशंटनी आपापसात भेटायला सुरुवात केली, त्यातून १९४८ मध्ये फाउंटन हाउस ही माजी पेशंटसाठीची संस्था झाली, आणि १९७० च्या दशकात ज्युडी चेंबरलिनसारख्या माजी पेशंट उघडपणे म्हणायला लागल्या की आमच्याबद्दलचे निर्णय आम्हाला विचारून घ्या.

प्रश्न : पेशंटनं लिहिलेलं हे पहिलंच पुस्तक का? बायकांनी काही लिहिलं नाही का?

पहिलं मुळीच नाही, आणि बायकांनी लिहिलंय, चांगलं खणखणीत लिहिलंय. एलिझाबेथ पॅकार्ड. इलिनॉय राज्य, १८६०. नवरा धर्मोपदेशक, हिची धर्माबद्दलची मतं त्याच्याहून वेगळी, ती बोलून दाखवायची. तिथल्या तेव्हाच्या कायद्यानं नवऱ्याला बायकोला कोर्टात न नेता मेंटल हॉस्पिटलात टाकता येत होतं, त्यानं टाकलं. तीन वर्षं जॅक्सनव्हिलच्या सरकारी हॉस्पिटलात काढली. बाहेर आल्यावर १८६४ च्या जानेवारीत ज्यूरीनं काही मिनिटांत निकाल दिला की ही शहाणी आहे. घरी गेली तर नवरा मुलं आणि सामान घेऊन निघून गेलेला. मग तिनं पुस्तकं लिहून, स्वतः विकून, राज्याराज्यांत फिरून कायदे बदलायला लावले, १८६७ मध्ये इलिनॉयमध्ये कायदा झाला की ज्यूरीसमोर सुनावणी झाल्याशिवाय कुणालाही डांबता येणार नाही. प्रत्यक्ष कायद्याच्या हिशेबानं बघितलं तर तिचं काम बिअर्सपेक्षा जास्त ठोस आहे आणि तिचं नाव तितकं घेतलं जात नाही हा अन्यायच आहे.

त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये जॉन पर्सिव्हल, १८१२ मध्ये खून झालेल्या पंतप्रधानांचा मुलगा, यानं १८३८ आणि १८४० मध्ये दोन खंडांत आपली हकिगत लिहिली आणि १८४५ मध्ये माजी पेशंट आणि त्यांच्या बाजूच्या लोकांची संघटना काढली.

पण एक फरक लक्षात घ्या. पॅकार्डचं म्हणणं होतं, मी शहाणी होते, मला उगाच डांबलं. बिअर्सचं म्हणणं, मी खरोखर आजारी होतो, मला हॉस्पिटलची गरज होती, तरीही मला मारायचा हक्क कुणाला नव्हता. हे दुसरं वाक्य बोलायला जास्त अवघड आहे. पहिल्यात माणूस आपली अब्रू परत मागतो, दुसऱ्यात अब्रू बाजूला ठेवून बोलावं लागतं. पर्सिव्हलही आपण आजारी होतो हे मान्य करायचा, म्हणून त्या दोघांचं नातं जवळचं आहे. आणि सुधारणा खरी करायची तर ती आजारी माणसासाठीच करायला हवी ना, चुकून आत गेलेल्या शहाण्यासाठी दार उघडलं की काम संपत नाही.

प्रश्न : मेंटल हायजीन चळवळीचा युजेनिक्सशी, म्हणजे ‘कमअस्सल’ माणसांची नसबंदी वगैरे प्रकाराशी संबंध होता असं वाचलं. खरं आहे का? मग कौतुक कशाला?

खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनाचा आजार रक्तातून येतो आणि तो ‘थांबवायचा’ तर अशा माणसांना मुलं होऊ देऊ नयेत, हा विचार अमेरिकेत आणि कॅनडात सुशिक्षित लोकांमध्ये पसरलेला होता, आणि प्रतिबंध हाच ज्या चळवळीचा मंत्र तिला तो सहज चिकटला. कॅनडाचं उदाहरण तर स्पष्टच आहे. क्लॅरेन्स हिंक्स नावाचे डॉक्टर, ते स्वतः नैराश्याच्या झटक्यांतून गेलेले, बिअर्सचं पुस्तक वाचून भारावले, त्याला भेटले आणि १९१८ मध्ये त्यांनी कॅनडाची राष्ट्रीय कमिटी काढली. तिथल्या हॉस्पिटलांमध्ये पिंजऱ्यात, पेटीत कोंडलेले पेशंट त्यांनी लोकांसमोर आणले, ते मोठं काम. आणि त्याच हिंक्सनी नसबंदीची बाजू घेतली, आल्बर्टा प्रांतानं १९२८ मध्ये तसा कायदा केला आणि तो १९७२ पर्यंत चालू राहिला, हजारो माणसांवर वापरला गेला.

कौतुक कशाला, तर पुस्तकाचं करायचं आणि चळवळीचा हिशेब वेगळा मांडायचा. मला हे दोन्ही एकमेकांत मिसळायचं नाहीये. मात्र हिंक्स स्वतः आजारातून गेलेले होते तरी त्यांनी हे केलं, हे विसरू नका. आपण स्वतः भोगलंय म्हणजे आपण इतरांच्या वतीनं ठरवायला मोकळे, असं होत नाही. म्हणूनच वर म्हटलं की एका पेशंटनं भागत नाही, पुष्कळ हवेत, आणि गरीब, न शिकलेले, इंग्रजी न येणारे पण हवेत, कारण आल्बर्टात त्या कायद्याखाली जास्त करून तेच आले.

प्रश्न : पुस्तकाचं नाव ‘स्वतःला सापडलेलं मन’ अशा अर्थाचं आहे. मग तो पुढे कायमचा बरा राहिला का?

नाही. पुस्तक लिहायच्या धामधुमीत, १९०५ च्या सुरुवातीलाच, पुन्हा तेजी चढतेय असं घरच्यांच्या लक्षात आलं आणि तो स्वतःहून थोड्या दिवसांसाठी ॲडमिट झाला. नंतर तीसेक वर्षं भरपूर काम केलं. १९३९ मध्ये निवृत्त झाला, त्याच वर्षी प्रॉव्हिडन्स शहरातल्या बटलर या मेंटल हॉस्पिटलमध्ये दाखल झाला आणि ९ जुलै १९४३ ला तिथेच वारला. काही लोक हे ऐकून म्हणतात, म्हणजे शेवटी काही उपयोग झाला नाही. मला हे बोलणं क्रूर वाटतं. डायबिटीसच्या माणसाची साखर म्हातारपणी वाढली तर त्यानं आयुष्यात केलेलं काम वाया गेलं असं कोणी म्हणतं का?

प्रश्न : माझी मोठी बहीण दोनदा ॲडमिट होती, आता औषधांवर चांगली आहे, कामाला जाते. तिला हे सगळं लिहून छापायचंय. आई-बाबा म्हणतात कशाला चव्हाट्यावर आणतेस. ती म्हणते मला मारलं होतं तिथे, ते लोकांना कळू दे. मी मधल्यामध्ये अडकलोय. काय करू?

दादा, आधी एक करा. तिला मारलं होतं हे तुम्ही ऐकलंय का, म्हणजे बसून, मध्ये न बोलता, पूर्ण? नसेल तर पुस्तकाचं नंतर बघू, ते आज ऐका. आणि तेव्हा तुझी अवस्था कशी होती तुला आठवतंय ना, असं मध्येच विचारू नका. बरेचदा छापायची घाई असते ती घरात कुणी खरं मानत नाही म्हणूनच.

लिहायचं की नाही हा निर्णय तिचाच. छापायचं कधी, यावर मात्र बोलायला जागा आहे. बिअर्सनं लिहायला घेतलं त्यानंतर पुस्तक यायला तीनेक वर्षं गेली, पहिला मजकूर खूप आवेगातला होता, तो त्यानं पुन्हा पुन्हा लिहिला, लोकांना दाखवला, राग कमी केला पण घटना कमी केल्या नाहीत. तसा वेळ बहिणीनंही घ्यावा. लिहिताना झोप उडाली, रात्र रात्र लिहीत बसली, बोलण्याचा वेग वाढला तर ते चांगलं लक्षण समजू नका, डॉक्टरांना लगेच कळवा, आणि हे तिच्याशी आधीच बोलून ठेवा म्हणजे तिला पहारा वाटणार नाही. तिच्या ॲडमिशनचे कागद, डिस्चार्ज समरी मागून घ्या, तारखा जुळल्या की लिखाणाला आधार येतो. घरच्यांबद्दल जे लिहिलंय ते छापायच्या आधी त्यांना वाचायला द्यावं, परवानगीसाठी नाही, अचानक धक्का बसू नये म्हणून. माणसांची आणि हॉस्पिटलची नावं गाळून लिहिलं तरी खरं ते खरंच राहतं. नाव लावायचं की टोपणनाव, हे अगदी शेवटी ठरवा, कारण नोकरीच्या ठिकाणी, नात्यांत त्याचे परिणाम तिला भोगायचेत, आणि एकदा छापलेलं परत घेता येत नाही. आणि मारहाणीची तक्रार करायची असेल तर तो वेगळा रस्ता आहे, पुस्तक यायची वाट बघू नका, वकिलाशी आत्ताच बोला.

आई-बाबांना एवढंच सांगा की तिनं गप्प राहावं अशी तुमची इच्छा असेल तर तिला त्याचं कारण स्वच्छ सांगा. लोक काय म्हणतील हे कारण असेल तर तेही तसंच सांगा. ती मोठी आहे, ऐकून घेईल.

प्रश्न : पुस्तक कुठे मिळेल? माझी डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे, आत्ता वाचलं तर चालेल का?

इंग्रजीत प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, कॉपीराइट संपलाय. भाषा जुन्या वळणाची, लांब वाक्यांची आहे पण अवघड नाही.

वाचायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांना किंवा काउन्सेलरला विचारूनच ठरवा, पुस्तकाचं नाव सांगा, बऱ्याच जणांना ते माहीत असतं. सुरुवातीची प्रकरणं भीतीची आणि त्या जूनमधल्या दिवसाची आहेत, ती आत्ता वाचू नका. मरायचे विचार सध्या येत असतील तर पुस्तक राहू दे, आजच घरात कुणाला तरी आणि डॉक्टरांना ते सांगा. नसतील, तब्येत स्थिर असेल, तर भावाच्या पत्राच्या प्रकरणापासून सुरू करा आणि घरात कुणी असताना, दिवसा वाचा. कोठडीची वर्णनं जड गेली तर सोडून पुढे जा, त्यानंतर सुटका, नोकरी, लिहायचं कसं ठरलं हा भाग येतो, तो खूप उत्साहानं लिहिलेला आहे. शेवटी संस्थांच्या कामाबद्दलची पानं आहेत, ती पहिल्या वाचनात गाळली तरी काही बिघडत नाही.